पांढऱ्या डब्यात बोलायची सोय

रविवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी धाकट्याने मालगाडी मधल्या स्टेशनात उभी केली आणि सांगितले, की पुढच्या रविवारपासून तो खेळाच्या या ऑनलाइन सर्व्हिसवर नसेल.

"खेळायचं मशीन बदलतोय," तो म्हणाला. "पांढरा डबा घेतलाय."

थोरला सिग्नलच्या केबिनमध्ये होता. केबिन टीव्हीच्या पडद्यावर होती. तो स्वतः बैठकीच्या खोलीत कानाला हेडफोन लावून सोफ्याच्या एका टोकाला बसला होता. दुसऱ्या टोकाला वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. घड्या घालायला घरात त्याच्याशिवाय कोणी नव्हते आणि त्याला घाई नव्हती.

"का?" त्याने विचारले.

हा प्रश्न नियमात बसत नव्हता. दोघांनाही ते कळले.

"हातात धरता येतो तो," धाकटा म्हणाला. "टीव्ही लागत नाही. पडल्या पडल्या खेळता येतं. बरं, दोन नंबरची लाइन मोकळी आहे का?"

"मोकळी आहे."

"मग दे."

थोरल्याने रुळांचा सांधा बदलला, सिग्नल उतरवला. गाडी निघाली. शेवटच्या स्टेशनात धाकटा नेहमीसारखा "पोचली" म्हणाला, थोरला नेहमीसारखा "नोंदली" म्हणाला, आणि धाकट्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला. तू पण तिकडे ये, असे तो म्हणाला नाही. येऊ नकोस, असेही म्हणाला नाही.

थोरला चष्म्याच्या दुकानात काचा कापतो. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचे यंत्र आहे, पाण्याची नळी आहे आणि खिडकीकडे तोंड केलेले एक स्टूल आहे. गिऱ्हाईक पुढे येते, चिठ्ठी मागे येते. चिठ्ठीवर जो कोन लिहिला असेल त्याच कोनात काच बसते. त्यात अंशाचाही फरक तो खपवून घेत नाही. मालक म्हणतो, याला चिठ्ठीवर चुकून 'उडी मार' असं लिहून दिलं तर हा आधी विचारील, किती उंचीवरून.

धाकटा दुसऱ्या शहरात लिफ्टचा मेकॅनिक आहे. लग्न केले नाही. इमारतींच्या माथ्यावरच्या मोटारी आणि दोर तपासत त्याची उमर गेली. "आठवडाभर वर-खाली करतो," तो एकदा खेळताना म्हणाला होता, "रविवारी तरी जरा सरळ जाऊ दे."

हे दोघे सख्खे भाऊ नऊ वर्षे एकमेकांशी फोनवर बोललेले नाहीत.

कारण दोघांनाही पाठ आहे. आई शेवटच्या आजारात थोरल्याकडे होती. धाकट्याला कळवू नकोस, आत्ताच नव्या कंपनीत लागलाय, उगाच जीव टाकून धावत येईल, असे ती म्हणाली आणि थोरल्याने ऐकले. तीन आठवडे त्याने काहीही कळवले नाही. फोन केला तो आई गेल्यावर. धाकटा आला, सगळे उरकले, आणि निघताना जिन्यात बॅग खाली ठेवून म्हणाला, "यापुढे मला फोन करू नकोस. जो करायचा होता तो केला नाहीस."

थोरला वरच्या पायरीवर उभा होता. त्याने मान हलवली. रागात बोललेले वाक्य महिन्या-दोन महिन्यांत आपोआप पडून जाते, हे बाकी जगाला ठाऊक आहे. या घरात मात्र बोललेले वाक्य भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखे राहते. थोरल्याने फोन केला नाही. आपण नको म्हटल्यावर त्याने खरोखरच केला नाही, याचा धाकट्याला राग आला असावा. तोही आपणहून फोन करणाऱ्यांतला नव्हता. दोघे एकाच साच्यातून निघालेले.

मधे पाच वर्षे गेली. थोरल्याची लेक नोकरीसाठी दूर गेली आणि तिचा खेळायचा काळा डबा टीव्हीखाली तसाच राहिला. पुढे तिला बाळ झाले आणि थोरल्याची बायको तिच्याकडे गेली, ती अजून तिकडेच आहे. पण ते नंतरचे. लेक गेल्यानंतरच्या एका रविवारी थोरल्याने डबा पुसता पुसता चालू केला. पडद्यावर चौकट आली: काका बोलावतोय. चौकट बंद करायला म्हणून त्याने बटण दाबले आणि ते नेमके होकाराचे निघाले.

"काय गं चिमणे, आज उजाडलं का?" टीव्हीतून आवाज आला.

लेकीचे त्या सर्व्हिसवरचे नाव 'झोपाळू चिमणी' होते.

"मी आहे," थोरला म्हणाला.

पडद्यावर इंजिन धूर सोडत उभे होते.

"सिग्नल देता येतात का तुला?" धाकट्याने विचारले.

"सांग. देतो."

एवढ्यावर सुरू झाले. दोघांच्या बाजूने हिशेब स्वच्छ होता. फोन करू नकोस असे ठरले होते; खेळात बोलू नकोस असे कोणी म्हटले नव्हते. त्यातून आपोआप नियम आला, की गाडीबद्दल बोलायचे, बाकी नाही. धाकटा गाडी चालवायचा, थोरला केबिनमधून वाट द्यायचा. चार वर्षांत त्यांनी त्या खेळात एका स्टेशनापासून सुरू करून डोंगरापलीकडच्या बंदरापर्यंत लोहमार्ग नेला होता. थोरला अजून 'झोपाळू चिमणी'च होता, कारण नाव बदलायचे कुठून हे त्याने शोधले नाही. अधूनमधून कोणी परका खेळाडू मार्गावर यायचा आणि विचारायचा, "चिमणीताई, मला आत घेता का?" तेव्हा धाकटा इतका हसायचा की गाडी सिग्नल ओलांडून पुढे जायची.

बायकोला हे सगळे ठाऊक होते. ती म्हणायची, "दोन घोडे आगगाडी आगगाडी खेळतायत. सरळ फोन उचला की."

"तो म्हणाला होता, करू नकोस."

"तो काय शिलालेख आहे?"

यावर थोरला हेडफोन कानाला लावायचा.

आता धाकटा पांढऱ्या डब्यावर चालला होता.

सोमवारी दुकान बंद झाल्यावर थोरला बाजारातल्या खेळांच्या दुकानात गेला. दुकान पहिल्या मजल्यावर होते. काचेच्या एका बाजूला काळे डबे, दुसऱ्या बाजूला पांढरे, आणि मधल्या टेबलामागे पंचविशीची एक मुलगी जुन्या कंट्रोलरचे स्क्रू काढत बसली होती.

"नातवासाठी बघताय का, काका?"

"नातू सात महिन्यांचा आहे."

"मग लवकरच आलात."

"माझ्यासाठी. काळा आहे माझ्याकडे. पांढरा कसा असतो ते सांगा."

"डबा की सर्व्हिस?"

"सर्व्हिस."

तिने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. हा प्रश्न विचारणारी माणसे तिला आवडत असावीत. "काळ्याची सर्व्हिस भारी," ती म्हणाली. "महाग आहे, पण सगळं एका जागी. माणूस नावानं सापडतो. एकदा गप्पांचा गट केला की खेळ बदला, डबा बंद करून पुन्हा लावा, गट तिथंच. तुम्ही जिथपर्यंत खेळलात ते सगळं त्यांच्याकडे साठवलेलं राहतं. दर महिन्याला खेळ देतात, पण वर्गणी थांबली की ते कुलपात. पांढऱ्याची वर्गणी कमी. जुने खेळ चिक्कार. पण माणसं सापडायची बोंब. तिथं नाव चालत नाही, लांबलचक आकडा लागतो. तो समोरच्यानं द्यायचा, मग तुम्ही विनंती पाठवायची, मग त्यानं हो म्हणायचं."

"आणि नाही दिला आकडा?"

"मग तो तिथं आहे की नाही हेही कळत नाही."

थोरल्याने काचेतल्या पांढऱ्या डब्याकडे पाहिले. डबा कसला, हाताच्या दोन पंजांएवढी पाटी होती.

"आगगाडीचा खेळ आहे एक. दोघांचा. एक जण सिग्नल देतो."

"आहे ना, दोन्हींवर आहे. पण दोन्ही एकमेकांना भेटत नाहीत. काळ्यावरचा काळ्यावर, पांढऱ्यावरचा पांढऱ्यावर."

"आमचा मार्ग तिकडे नेता येईल?"

"नाही. नव्यानं बांधायचा. किती मोठा आहे?"

"बंदरापर्यंत."

"अरेरे," ती म्हणाली, आणि तिला खरेच वाईट वाटलेले दिसले.

"बोलायचं कसं?" थोरल्याने विचारले.

"बोलायला फोन."

"म्हणजे?"

"खेळ डब्यावर, बोलणं फोनवर. त्यांचं ॲप घ्यायचं, त्यात खोली असते, दोघांनी खोलीत जायचं. काही खेळांत आतच सोय असते, तुमच्या आगगाडीत नाही. लोक शिव्या घालतात, पण सोय तीच."

"फोनशिवाय नाहीच?"

"नाहीच."

मग थोरल्याने जो प्रश्न विचारला तो त्या दुकानात आधी कोणी विचारला नसावा. "त्यातून बोललं तर फोन केला असं म्हणायचं का?"

मुलीने त्याच्याकडे नीट पाहिले. "नंबर लावत नाही तुम्ही. घंटी वाजत नाही."

"पण यंत्र तेच."

"यंत्र तेच."

"आणि आवाज त्यातूनच जाणार."

"काका, हे कंपनीनं कुठं लिहिलेलं नाहीये," ती म्हणाली. "भांडण आहे का कोणाशी?"

"भाऊ आहे."

तिने मान डोलावली, जणू एकाच शब्दात दोन्ही उत्तरे आली. मग गिऱ्हाईकाचा अंदाज घ्यावा तसे विचारले, "त्यांनी पांढराच का घेतला? काळ्यावर इतकं सगळं बांधून ठेवलेलं टाकून सहसा कोणी जात नाही. पांढरा घेणारे बहुतेक कायम प्रवासात असतात. नाहीतर बाहेरगावी शिफ्टवाले. नाहीतर ज्यांना दवाखान्यात राहायचं असतं ते. मागच्या आठवड्यातच एका बाईंनी मिस्टरांसाठी नेला. पडल्या पडल्या खेळता येतं ना."

ती पुढेही बोलत होती, बॅटरीबद्दल. थोरल्याने ते ऐकले नाही. धाकट्याचे शब्द तेच होते. टीव्हीसमोर खुर्ची टाकून चार वर्षे खेळणाऱ्या माणसाला पडल्या पडल्या खेळायची गरज का पडली, हे विचारायचे त्याला रविवारी सुचले नव्हते. आणि मग बाकीचेही आठवले. धाकटा आधी रविवारी तीन गाड्या सोडायचा. गेल्या वर्षी दोनवर आला. या दोन महिन्यांत एकच, आणि तीही मधल्या स्टेशनात थांबवून. "इंजिनाला पाणी देतो," असे म्हणायचा. थोरल्याने ते वयावर टाकले होते. इंजिन डिझेलचे होते.

पांढरी पाटी घेऊन तो घरी आला. आधी त्याने धाकट्याच्या कंपनीला फोन लावला. भावाला फोन करायचा नव्हता. कंपनीला करायला कोणी मनाई केली नव्हती. उत्तर देणाऱ्या बाईने सांगितले, की ते सुट्टीवर आहेत. किती दिवसांच्या? ते सांगता येणार नाही. तुम्ही कोण? थोरला म्हणाला, भाऊ. बाई म्हणाली, मग तुम्हाला माहीत असेलच.

धाकट्याने मागच्या वर्षी घर बदलले होते. नवा पत्ता थोरल्याकडे नव्हता; काकाची खबर असलीच तर लेकीकडे. थोरल्याने लेकीला फोन केला. फोन बायकोने उचलला, मागे बाळ रडत होते.

"जेवलास का?"

"जेवलो. तिला दे."

"मला काही विचारायचं नाही का?"

"तुला माहीत आहे?"

"काय?"

"मग तिला दे."

लेक आली. थोरल्याने आधी कामाचे विचारले. "काकाचा पांढऱ्या डब्यावरचा आकडा पाहिजे. तुझ्यासाठी म्हणून माग. माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस."

"माझ्याकडे आहे, बाबा. पाठवते."

"आधीपासूनच आहे?"

"त्याने घेतला त्याच दिवशी दिला."

थोरला खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. समोरच्या इमारतीत लिफ्टच्या खिडकीतला दिवा वर सरकत होता.

"तो बरा आहे का?"

बाळाचे रडणे लांब गेले. लेक दुसऱ्या खोलीत गेली असावी.

"मला विचारू नका ना, बाबा. मी शब्द दिलाय."

"कसला?"

"तोच तर दिलाय. कसला ते सांगितलं तर राहिला कुठे?"

"कुठल्या दवाखान्यात आहे एवढं सांग. बाकी नको."

"दवाखाना असं कोण म्हणालं?"

"तू 'नाही' म्हणाली नाहीस."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही त्याला फोन करा. तुम्ही सरळ फोन करा. तो उचलील किंवा नाही उचलणार, पण माझ्या तोंडून नको."

तिला रागावणे थोरल्याला शक्य नव्हते. आजारी माणसाने सांगू नको म्हटले म्हणून नऊ वर्षांपूर्वी त्यानेच एकाला अंधारात ठेवले होते. तेव्हा आपण बरोबर वागलो असे तो आजवर समजत आला होता. निदान चूक आईची आणि पालन आपले, अशी वाटणी त्याने केली होती. बंद दाराच्या बाहेर उभे राहिल्यावर ते दार कसे दिसते, हे त्याला आता दिसत होते.

बायकोने फोन पुन्हा घेतला. "आता तरी कर," ती म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

त्याने धाकट्याचा नंबर काढला. तो नंबर त्याच्या फोनमध्ये होताच, कधी खोडला नव्हता. मंगळवारी त्याने तो दोनदा काढला, बुधवारी एकदा. लावला नाही. नुसत्या हट्टाने नाही. फोन केला आणि धाकट्याने नाव बघून उचलला नाही, तर मग काहीच उरणार नव्हते, सिग्नलसुद्धा नाही. हे त्याने बायकोला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्याला ते वाटले नाही.

गुरुवारी त्याने पांढऱ्या डब्यावर खाते उघडले. नाव विचारले तेव्हा त्याने 'केबिन' लिहिले. लेकीने पाठवलेला आकडा दोनदा ताडून टाकला आणि विनंती पाठवली. पडद्यावर 'लिफ्टवाला' असे नाव आले आणि त्याखाली 'उत्तराची वाट' अशी ओळ. शुक्रवारी दुकानात त्याने एका काचेचा कोन चुकवला. मालकाने काच दिव्यासमोर धरली, पुन्हा पाहिली, आणि न बोलता दुसरी काच आणून ठेवली. ओरडला असता तर बरे झाले असते.

शनिवारी दुपारी विनंती मान्य झाली. बरोबर काही लिहिलेले नव्हते. त्या सर्व्हिसवर लिहायची सोयच नाही.

रविवारी सकाळी दहाला थोरला पाटी हातात धरून सोफ्यावर बसला. टीव्ही बंद होता. एवढ्याशा पडद्यात केबिन काडेपेटीएवढी दिसत होती आणि ती बघायला त्याला जवळचा चष्मा लावावा लागला. बंदर नव्हते, डोंगर नव्हता. एक स्टेशन, एक रूळ, आणि पलीकडे मोकळे माळरान. दहा वाजून काही मिनिटांनी माळरानाच्या टोकाला इंजिन दिसू लागले. त्याच्यावर 'लिफ्टवाला' असे लिहिले होते. ते सावकाश आले आणि सिग्नलपाशी थांबले.

थोरल्याने वाट दिली. गाडी स्टेशनात आली, माल उतरला, गाडी माघारी गेली. हे सगळे मुकाट झाले. 'पोचली' नाही आणि 'नोंदली' नाही. हातातल्या पाटीतून चाकांचा खडखडाट तेवढा येत होता आणि तो कंपनीने भरलेला होता. काळ्या डब्यावर धाकट्याच्या खोलीतला पंखा ऐकू यायचा, शेजाऱ्याचे दार ऐकू यायचे, कप ठेवल्याचा आवाज यायचा. तेव्हा थोरल्याला वाटायचे, की आपण गाडीबद्दलच बोलतो.

गाडी दुसऱ्या खेपेला सिग्नलपाशी आली, तेव्हा त्याने फोन उघडला. खेळांच्या दुकानातल्या मुलीने सांगितलेले ॲप त्याने शनिवारीच घेऊन ठेवले होते. त्यात एक खोली दिसत होती. खोलीत एक जण: लिफ्टवाला. नावापुढे माईकचे चिन्ह आणि चिन्हावर तिरकी रेघ. खाली एक बटण, 'आत जा'.

त्याने खेळांच्या दुकानाला फोन लावला. रविवारी ते उघडे असते.

"काका, बोला. जमलं का?"

"खोलीत तो दिसतोय. दिसतोय म्हणजे आहे का?"

"असतील. किंवा ज्यानं खेळ मांडलाय त्याचं नाव आपोआप लागतं, तसंही असेल. माईक कसा आहे?"

"रेघ मारलीय."

"म्हणजे बंद ठेवलाय. तुम्ही बोललात तर त्यांना ऐकू जाईल, फोन जवळ असेल तर. बाजूला ठेवला असेल तर नाही."

"कसं कळायचं?"

"इथून नाही कळणार," ती म्हणाली. मग म्हणाली, "काका, जा ना आत. लहान मुलासारखं काय करताय."

"हो," थोरला म्हणाला.

त्याने बटण दाबले. खोलीत दोन नावे झाली. त्याच्या माईकवर रेघ नव्हती.

"एक नंबर मोकळी आहे," तो म्हणाला.

सिग्नल हिरवा होता. गाडी उभी होती.

"एक नंबर मोकळी आहे," तो पुन्हा म्हणाला, दुकानात पुढच्या माणसाला चिठ्ठी वाचून दाखवतो त्या आवाजात. मग त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला. पडदा धूसर झाला. "हे मी फोनवरून बोलतोय," तो म्हणाला. "तू नको म्हणाला होतास, तरी बोलतोय. तेव्हा तुला कळवायला पाहिजे होतं. आई काहीही म्हणाली असती तरी. आता तू कुठल्या दवाखान्यात आहेस तेवढं सांग, मी येतो. यायला नको असेल तर तसं सांग."

त्याने चष्मा पुन्हा लावला. गाडी उभीच होती. फोनवर दोन नावे होती आणि धाकट्याच्या माईकवरची रेघ गेलेली नव्हती.

थोड्या वेळाने पाटीवर चौकट आली. आपण बराच वेळ बटण दाबलेले नाही. आपण असाल तर कोणतेही बटण दाबा, नाहीतर खेळ आपल्याला बाहेर काढेल. थोरल्याने बटण दाबले. पंधरा मिनिटांनी चौकट पुन्हा आली, त्याने पुन्हा दाबले. पुढेही ती येत राहिली.

त्या सर्व्हिसवर ही चौकट प्रत्येक खेळाडूला येते. गाडी जिथल्या तिथे असल्यामुळे ती धाकट्याच्या पडद्यावरही येत असणार. दुपारी बारापर्यंत धाकट्याला खेळाने बाहेर काढलेले नव्हते; म्हणजे तिकडेही बटण दाबले जात होते.